सल्लागारीची वाट आणि पदवीचे कॉलेज

दुसऱ्याच्या धंद्यातली अडचण बाहेरून पाहायची, तिचे आकडे जमवायचे आणि काय करावे ते फी घेऊन सांगायचे, या कामाला व्यवस्थापन सल्लागारी म्हणतात. सातारा-सांगली पट्ट्यात हे काम जुने आहे, नाव तेवढे नवे. कर्जप्रकरणाचा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून देणारे, साखर कारखान्यात उतारा कुठे गळतो ते शोधणारे, दूध संघाचे हिशेब लावून देणारे लोक इथे कित्येक वर्षे आहेत. त्यांना कुणी ‘कन्सल्टंट’ म्हणत नसे. ‘सीए साहेब’ नाहीतर ‘रिपोर्टवाले’ म्हणत. आता बारावीच्या मुलामुलींच्या तोंडी ‘कन्सल्टिंग’ हा शब्द आला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ घराघरांत प्रश्न आला आहे की त्यासाठी बी.बी.ए. कुठून करावे.

प्रश्नाचा क्रम इथेच उलटा होतो. या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळे धंदे चालतात आणि प्रत्येकाच्या दारात कॉलेजच्या नावाची किंमत वेगळी आहे. आधी धंदा ठरवावा, मग कॉलेज. घरोघरी होते ते असे, की आधी पुण्यातले कॉलेज ठरते, फी भरली जाते आणि तिसऱ्या वर्षी कळते की ज्या दारासाठी एवढा खर्च केला ते दार त्या कॉलेजातून उघडतच नाही.

पहिला धंदा मोठ्या कंपन्यांना धोरण सांगणाऱ्या फर्म्सचा. मॅकिन्झी ही त्यांतली जुनी. शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या जेम्स मॅकिन्झी या प्राध्यापकाने ती १९२६ साली काढली. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप १९६३चा, बेन १९७३ची. दुसरा धंदा डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार फर्म्सचा. त्या मुळात हिशेब तपासणाऱ्या; सल्ल्याचे काम त्या खोडाला फुटलेली फांदी आहे. तिसऱ्या धंद्याचे नाव कुठल्याही प्लेसमेंटच्या जाहिरातीत दिसत नाही, पण सातारा-सांगलीच्या रोजच्या व्यवहारात तोच सगळ्यांत जास्त दिसतो. वित्तसंस्थांच्या पुढाकाराने १९८२ साली पुण्यात उभी राहिलेली मिटकॉन, नाबार्डची नॅबकॉन्स, १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालेली मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि सांगलीच्या विश्रामबागेपासून साताऱ्याच्या राजपथापर्यंत दुसऱ्या मजल्यावर पाटी लावून बसलेल्या सनदी लेखापालांच्या फर्म्स, हे सगळे या तिसऱ्या धंद्यातले.

पहिल्या दाराची रीत समजायला खानापूर-आटपाडीकडे पाहावे. तिकडचे सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत पोचले ते जाहिरात वाचून नव्हे. आधी गेलेल्याने गावातला ओळखीचा मुलगा बोलावून घेतला, तो तयार झाला की त्याने पुढचा. सोने हातात द्यायचे तर माणूस माहितीतला हवा. धोरणफर्म्स नेमके हेच करतात, फक्त गावाच्या जागी कॉलेज असते. ठरावीक कॉलेजांची यादी असते, त्या कॉलेजांत दरवर्षी फर्ममधलीच जुनी मुले मुलाखती घ्यायला येतात आणि यादीबाहेरचा अर्ज ढिगात पडतो. भारतात या यादीत वरच्या जागा अहमदाबाद, बंगळूर आणि कोलकात्याच्या आयआयएम, हैदराबादची आयएसबी आणि जुन्या आयआयटी यांच्या. वाणिज्य किंवा व्यवस्थापनाच्या पदवीवरच घेतले जाणारे थोडे असतात आणि त्यांतले बरेचसे दिल्लीतले: श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स, सेंट स्टीफन्स, लेडी श्रीराम, शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज. मुंबई-पुण्यातल्या नामवंत कॉलेजांचा वाटा त्या मानाने लहान.

म्हणजे सांगलीच्या मुलाने थेट पदवीनंतर या दारातून जायचे ठरवले तर दिल्लीकडे पाहणे आले. दिल्ली विद्यापीठाचा प्रवेश २०२२पासून सीयूईटी या परीक्षेवर होतो, बारावीच्या टक्क्यांवर नाही, त्यामुळे राज्य मंडळाची मुले सीबीएसईवाल्यांपेक्षा मागे पडतात ही जुनी तक्रार बरीच कमी झाली. अडचण दुसरीकडे आहे आणि ती दोन वर्षे आधी तयार होते. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी कॉमर्सला ‘गणित व संख्याशास्त्र’ आणि ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ यांतून एक विषय घेण्याची रीत आहे. दुसऱ्याला सगळे ‘एस.पी.’ म्हणतात. एस.पी. पाठ करून होते, गणिताला क्लास लागतो. तालुक्याच्या गावी कॉमर्सच्या गणिताचा क्लास असतोच असे नाही. वरच्या वर्गातल्या मुली सांगतात की एस.पी.ला मार्क पडतात. जूनमध्ये फॉर्मवर एक खूण होते आणि दिल्लीच्या बी.एम.एस.ला, तसेच अर्थशास्त्राच्या ऑनर्सला सीयूईटीत गणित लागते हे त्या घरात बारावीनंतर कळते. तोवर काही करण्यासारखे उरलेले नसते. बी.बी.ए.साठी कॉलेज निवडण्याचा खरा दिवस बारावीच्या निकालानंतर येतो, असे बहुतेक पालक समजतात. तो अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत येऊन गेलेला असतो.

दिल्लीखेरीज दुसरी थेट वाट आयआयएमच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची. इंदूरने तो २०११ साली सुरू केला, रोहतक, रांची, जम्मू यांनी पुढे उचलला. बारावीनंतर प्रवेश परीक्षा, तीन वर्षे पायाभूत विषय आणि शेवटची दोन वर्षे एम.बी.ए.च्या वर्गासारखी. कॅट ही एम.बी.ए.ची प्रवेश परीक्षा चुकते हा मोठा फायदा. फी भारी आणि अठराव्या वर्षी पाच वर्षांची गाठ बांधावी लागते हा तोटा. इथेही प्रवेश परीक्षेत गणित येतेच. ज्या मुलाला आकड्यांची भीती नाही आणि व्यवस्थापनच करायचे हे ज्याच्या मनात पक्के आहे, त्याच्यासाठी हा सौदा चांगला. नुसते ‘आयआयएम’ या तीन अक्षरांसाठी मात्र करू नये, कारण सगळ्या आयआयएम फर्म्सच्या यादीत एकाच ओळीवर नाहीत.

मुंबई-पुण्याकडे वळल्यावर चित्र गढूळ होते. मुंबई विद्यापीठाने नव्वदीच्या अखेरीस बी.एम.एस. सुरू केले, पुण्यात बी.बी.ए.चे पीक आले, खासगी विद्यापीठांनी आपापल्या प्रवेश परीक्षा काढल्या. २०२४-२५पासून बी.बी.ए., बी.एम.एस., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा घेतली. त्याबरोबर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलले, बी.एम.एस.चे बी.कॉम. होऊन कंसात ‘मॅनेजमेंट स्टडीज’ आले, म्हणजे परिषदेची मान्यताही नको आणि सीईटीही नको. नाव बदलल्याने शिकवणे बिघडते असे नाही. पण पाटीवरच्या अक्षरांवर विसंबून चालत नाही, एवढे त्यातून कळावे.

मे-जून महिन्यांत पुणे-बंगळूर महामार्गावर कॉलेजांचे फलक लागतात. त्यावर ‘सर्वाधिक पॅकेज’ मोठ्या आकड्यात असते. सर्वाधिक पॅकेज म्हणजे एका मुलाचे पॅकेज. चौकशी करायची ती मधल्या मुलाची: वर्गातल्या मुलांना पगाराच्या उतरत्या क्रमाने उभे केले तर बरोबर मध्ये उभ्या असलेल्याला काय मिळाले? त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोकरीचे नाव. ‘बिझनेस डेव्हलपमेंट’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ बहुधा फोनवरून काहीतरी विकणे असा असतो. ‘अ‍ॅनालिस्ट’ लिहिले असेल तरी कशाचा, ते विचारावे. प्लेसमेंट विभागाच्या पुस्तिकेतल्या वीस बोधचिन्हांपैकी सलग तीन वर्षे कोण आले आणि कोणत्या पदासाठी, एवढे लेखी मागितले की पुष्कळ पुस्तिका पातळ होतात. कॉलेजवाले हे द्यायला टाळाटाळ करतात. मग गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलांना चहा पाजावा. अर्ध्या तासात सगळे समजते.

खर्चाचा हिशेबही इथेच मांडायला हवा, कारण द्राक्षबाग किंवा उसावर कर्ज उचलून फी भरणारी घरे या भागात कमी नाहीत. खासगी विद्यापीठाची तीन वर्षांची फी, पुण्यातली खोली, मेस आणि लॅपटॉप धरला की रक्कम एका मध्यम बागेच्या दोन-तीन हंगामांच्या निव्वळ उत्पन्नावर जाते. एवढे घालून जर मुलगा चार मोठ्या फर्म्सच्या खालच्या पायरीवर लागणार असेल, तर तीच पायरी सांगलीत राहून, फार कमी पैशात गाठता येते का, हे आधी पाहावे. येते. ती दुसऱ्या दाराची वाट आहे.

ती वाट सी.ए.ची. साताऱ्याचे धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स रयत शिक्षण संस्थेचे; २०२१ साली स्थापन झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील समूह विद्यापीठात ते छत्रपती शिवाजी कॉलेज आणि यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट यांच्याबरोबर आले. सांगलीचे चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. म्हणजे १९१९च्या विलिंग्डनचे आणि पुण्यातल्या १९४३च्या बीएमसीसीचे भावंड. अशा कॉलेजात बी.कॉम.ला नाव घालायचे, सी.ए.चे फाउंडेशन आणि इंटरमीजिएट द्यायचे आणि मग एखाद्या फर्ममध्ये आर्टिकलशिप करायची. २०२३च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली. मोठ्या फर्म्सच्या पुणे-मुंबईच्या कार्यालयांत नव्याने पास झालेल्या सी.ए.ला बी.कॉम. कुठून केले हे क्वचितच विचारतात. किती प्रयत्नांत पास झाला आणि आर्टिकलशिपमध्ये काय पाहिले, हे विचारतात.

या वाटेचा धोका लपवू नये. सी.ए.ची गाळणी निर्दय आहे; इंटरमीजिएटवर अडकलेली, पंचविशीला पोचलेली मुले प्रत्येक तालुक्यात भेटतात आणि त्यांच्या हाती तेव्हा फक्त कसाबसा उरकलेला बी.कॉम. असतो. म्हणून पदवीकडे दुर्लक्ष करू नये. ‘सी.ए. करतोय, कॉलेजला जायची गरज नाही’ हे वाक्य जितके सरसकट बोलले जाते तितके ते खरे नाही.

आर्टिकलशिपमध्ये नेमके काय शिकायला मिळते ते एका प्रकरणावरून दाखवता येईल. नावे बाजूला ठेवली आहेत, आकडे गोल केले आहेत. तासगाव भागातले एक बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज. मालकाला दुसरी खोली बांधायची होती आणि बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट हवा होता. सीए फर्मने दुसऱ्या वर्षाच्या आर्टिकलला पाठवले. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेडवर माल वाळतो, मग पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरून स्टोरेजला येतो आणि सौद्यांत भाव मिळेल तसा वर्षभर बाहेर पडतो. हे मुलाला घरूनच माहीत होते. त्याने आवक-जावकीची वही मागितली; ती ‘पुण्याला पाठवली आहे’ असे सांगण्यात आले. मग त्याने वीजबिले मागितली, ती मिळाली.

“अण्णा, स्टोरेज किती महिने भरलेलं असतं?”

“बाराही महिने. जागा मागायला लोक रांगेत असतात.”

“मग जानेवारीचं लाइटबिल जूनच्या निम्म्यावर कसं येतंय?”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “थंडी असते की.”

थंडीचा भाग होताच. पण डिसेंबरचे बिलही खाली होते आणि मागच्या वर्षी, मागच्याच्या मागच्या वर्षीही तसेच. तिन्ही वर्षांची बिले, थंडीची वजावट करून, शेजारी शेजारी मांडल्यावर दिसले की दिवाळीपासून स्टोरेज रिकामे होत जाते आणि माघात जवळजवळ मोकळे असते. वर्षाची सरासरी काढली तर आठ महिन्यांच्या भाड्याएवढाच धंदा होतो. पुढचे गणित शाळेतले. नवी खोली बाराही महिने भरली तर भाडे ७२ लाख, खर्च ३० लाख, उरले ४२. कर्जाचा हप्ता आणि व्याज मिळून २८ लाख. ४२ला २८ने भागले की दीड; बँका ज्याला डीएससीआर म्हणतात तो हा आकडा, आणि दीड म्हटले की साहेब खूष. आठ महिन्यांचे भाडे धरले तर उत्पन्न ४८, खर्च थोडा उतरून २६, उरले २२. भागिले २८, म्हणजे ०.७९. रुपयाच्या हप्त्याला एकोणऐंशी पैसे.

फर्मने खोली निम्मी करण्याचा आणि व्यापाऱ्यांकडून पुढच्या हंगामाचे भाडे आगाऊ बांधून घेण्याचा सल्ला दिला. अण्णांना तो पटला नाही. ते फाइल घेऊन दुसऱ्या रिपोर्टवाल्याकडे गेले, त्याने बारा महिने धरून दिले. फी बुडाली. मुलाच्या पदरात मात्र जे पडले ते कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेले नाही: माणूस जे सांगतो ते टिपून घ्यायचे आणि त्याला नकळत जे सांगणारा कागद असतो तो शोधायचा. धोरणफर्मच्या मुलाखतीत ‘केस’ म्हणून जो प्रश्न देतात, त्यात याहून वेगळे काही नसते. तिथे स्टोरेजऐवजी विमान कंपनी असते आणि वीजबिलाऐवजी कागदावरचा तक्ता.

केसच्या तयारीसाठी मुले इंग्रजी पुस्तके पाठ करतात आणि न्यूयॉर्कमध्ये पियानो ट्यून करणारे किती, याचा अंदाज बांधत बसतात. घरच्या अंगणात याहून चांगली केस पडलेली असते. २०२४-२५च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होती, म्हणजे टनाला ३,४०० रुपये. त्या टनातून साखर निघते १०२.५ किलो. साखरेचा किमान विक्री दर २०१९पासून किलोला ३१ रुपये होता. त्या दराने टनामागे साखरेचे होतात सुमारे ३,१७८ रुपये. म्हणजे किमान दरात नुसता उसाचा पैसासुद्धा निघत नाही, गाळपाचा खर्च बाजूलाच. बाजारभाव किमान दराच्या वर असतो आणि मळी, बगॅस, इथेनॉल हातभार लावतात म्हणून गाडा चालतो. इथपर्यंत गावातला कोणीही सांगेल. पुढचा प्रश्न थोडा आत जातो. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की एफआरपी ३.३२ रुपयांनी वाढे. ३४०ला १०.२५ने भागून पाहिले तर हा तोच प्रमाणातला दर आहे. म्हणजे १०.२५च्या वर उतारा कितीही असो, किलोभर साखरेमागे उसाचे ३३ रुपये १७ पैसेच पडतात. मग सांगलीच्या जास्त उताऱ्याचा कारखान्याला फायदा कशात? उसाच्या किमतीत नाही. तेवढीच साखर काढायला ऊस कमी गाळावा लागतो, म्हणून गाळपाच्या खर्चात. चावडीवर ‘उतारा चांगला, म्हणजे कारखाना फायद्यात’ असे जे म्हणतात ते अर्धेच बरोबर ठरते. ज्या बारावीच्या मुलाला हे भागाकार करून पाहण्याची खाज आहे, त्याने सल्लागारीचा विचार करावा. ज्याला यात गोडी नाही आणि सूट-बूट, विमान, हॉटेल एवढेच दिसते, त्याला दिल्लीचे कॉलेजही फार दिवस तारणार नाही.

साताऱ्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते धनंजयराव गाडगीळ कोण, हे तिथल्या मुलांना विचारले तर बहुतेक ‘अर्थतज्ज्ञ’ म्हणून थांबतात. ते १९३० साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक झाले, १९६७ साली नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. मधल्या काळात विठ्ठलराव विख्यांच्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी भांडवल घालायचे आणि अर्थतज्ज्ञाने त्यांच्या टेबलाशी बसून हिशेब जुळवायचा, हे महाराष्ट्रातले सल्लागारीचे बहुधा सगळ्यांत मोठे प्रकरण. त्याला कन्सल्टिंग कुणी म्हटले नाही इतकेच. त्याच्याही आधी त्यांच्या संस्थेने पुण्यातल्या फळबाजाराची आणि १९४०च्या सुमारास वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. वाईच्या शेतकऱ्याला शेती परवडते का, हे पुण्यात बसून न ठरवता खातेदारांच्या घरी जाऊन खर्च मांडून पाहणे, हा त्या पाहणीचा गाभा. अशा माणसाच्या नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्याने पुण्याच्या फलकाकडे पाहून कमीपणा घेण्याचे कारण नाही. मात्र कॉलेजांनीही त्या वारशाचे काही करावे. तिसऱ्या वर्षाचा ‘प्रोजेक्ट’ बहुतेक ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो आणि स्पायरल बाइंडिंग करून जमा होतो. त्याऐवजी मार्केट यार्डातल्या एका अडत्याचा महिनाभराचा हिशेब मांडायला लावला तर मुलांना पुण्याला जाण्याची गरज निम्म्याने कमी वाटेल.

अडत्याशी बोलायचे तर भाषा यावी लागते आणि इथे स्थानिक मुलाचे पारडे जड आहे. अडत्याला ‘वर्किंग कॅपिटल सायकल किती दिवसांची’ असे विचारले तर तो पानाचा डबा उघडतो. ‘शेतकऱ्याला उचल कधी देता, माल कधी येतो, उधारी किती दिवसांत वसूल होते’ असे विचारले की वही पुढे सरकवतो. प्रश्न एकच. उलट बाजूने, अहवाल मात्र इंग्रजीतच लागतो. पूर्वी कर्जाचे निर्णय गावातच व्हायचे. १९१६ची सांगली बँक आणि १९३६ साली साताऱ्यात सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक यांच्या मुख्य कचेऱ्या इथेच होत्या. युनायटेड वेस्टर्न २००६ साली आयडीबीआयमध्ये, सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. मालकाला चेहऱ्याने ओळखणारा मॅनेजर गेला आणि फाइल दूरच्या शहरातल्या विभागात जाऊ लागली. तिथला अधिकारी अण्णांना ओळखत नाही. त्याला ओळख होते ती कागदाची. म्हणून मराठीत ऐकून इंग्रजीत स्वच्छ, छोट्या वाक्यांत लिहिता येणे ही या धंद्यातली सगळ्यांत विकाऊ कला ठरली आहे. मराठी माध्यमातून आलेली मुले बोलण्यात बिचकतात, गटचर्चेत गप्प बसतात आणि त्यातच संधी जाते. यावर तीन वर्षांत इलाज होतो. रोज एक पान लिहून कुणाकडून तरी तपासून घेणे हा त्यांतला स्वस्तातला. कॉलेज निवडताना असे पान तपासणारा एक तरी प्राध्यापक तिथे आहे का, हे पाहणे फलकावरच्या पॅकेजपेक्षा उपयोगाचे.

पदवी जवळच्या कॉलेजातून घेतली म्हणून पहिले दार कायमचे बंद होत नाही, ही गोष्ट पालकांपर्यंत नीट पोचत नाही. कॅटला बसायला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के गुण पुरतात. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. आणि दिल्लीची बी.एम.एस. यांना तिथे एकाच खिडकीतून प्रवेश. पुढच्या चाळणीत दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, शिवाय कामाचा अनुभव धरतात. म्हणजे सांगलीत राहून चांगल्या गुणांनी पदवी, दोन-तीन वर्षे खरे काम आणि मग वरच्या आयआयएममधून एम.बी.ए., ही वाट लांबची असली तरी मजबूत. धोरणफर्म्सच्या भारतातल्या कार्यालयांत बसलेल्यांपैकी पुष्कळजण एम.बी.ए.नंतरच तिथे आले आहेत. बी.बी.ए. करून लगेच एम.बी.ए. केलेल्याला मात्र दोन्हीकडे तेच ते विषय दुसऱ्यांदा शिकावे लागतात. पहिल्या खेपेला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा अभियांत्रिकी घेतलेले बरे, असे या धंद्यातले अनेक जाणते सांगतात आणि त्यात तथ्य आहे. किर्लोस्करवाडीच्या शंतनुराव किर्लोस्करांनीही आधी अमेरिकेतल्या एमआयटीत यांत्रिकी अभियांत्रिकी शिकून कारखाने वाढवले. सांगलीच्या वालचंद कॉलेजसारख्या ठिकाणी अभियांत्रिकी करणाऱ्याला तर आणखी एक दार आहे: आकड्यांच्या विश्लेषणावर चालणाऱ्या सल्लागार कंपन्या. औषध कंपन्यांना विक्रीचा सल्ला देणाऱ्या झेडएसचे मोठे कार्यालय पुण्यातच आहे.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांत हाच प्रश्न वेगळ्या नावांनी येतो. अमेरिकेत पदवीच्या पातळीवर बिझनेस स्कूल ही जुनी सोय आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे व्हॉर्टन १८८१चे. तिथल्या धोरणफर्म्स बावीस वर्षांच्या मुलांना सर्रास घेतात, त्यामुळे व्हॉर्टन, मिशिगनचे रॉस, न्यूयॉर्कचे स्टर्न की गावातले सरकारी विद्यापीठ, हा वाद तिथे अर्थपूर्ण आहे. इकडच्या नातेवाइकांनी दिवाळीच्या फोनवर तो ऐकून तसाच इथे लावला की गफलत होते, कारण इकडच्या याद्या मुख्यतः एम.बी.ए. आणि आयआयटीच्या भोवती बनलेल्या आहेत.

राहिले तिसरे दार. त्याला कॉलेजचे नाव जवळजवळ लागतच नाही. २०२०च्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत लाभार्थ्याला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते आणि त्याची फाइल तयार करून बँकेतून पार करायला ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमतात. कर्ज मंजूर होईल त्याप्रमाणे त्यांना मानधन मिळते. शेतकरी उत्पादक कंपन्या, जागतिक बँकेच्या मदतीचा राज्याचा स्मार्ट प्रकल्प, हळदीचे पॉलिशिंग, गुऱ्हाळे, महाबळेश्वरकडचे स्ट्रॉबेरीवरचे छोटे उद्योग, सगळ्यांना कुणीतरी हिशेब मांडून द्यावा लागतो. कमाई सुरुवातीला अनियमित असते. फाइल सहा महिने बँकेत पडून राहते, मंजुरी आली तरी मानधन उशिरा येते आणि अनुदान मिळाल्यावर लाभार्थी फोन उचलत नाही असेही होते. बी.कॉम. झालेली, टॅली येणारी आणि सातबारा वाचता येणारी मुलगी या कामात दोन वर्षांत स्वतःच्या पायावर उभी राहते. पुण्याला खोली करून राहायला घरून परवानगी नसलेल्या कितीतरी मुलींनी ही वाट धरली आहे. तिच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘कन्सल्टंट’ लिहिलेले असते. बँकेतले लोक तिला ‘मॅडम’ म्हणतात, गावातले अजूनही ‘रिपोर्टवाल्या ताई’.